शेपटाच्या मागे कोणी नसतं

१

आमच्या फायर स्टेशनच्या मागच्या अंगाला एक लांबोडकं गोदाम आहे. त्याला एकही खिडकी नाही. आत प्लायवूडच्या भिंती उभ्या करून खोल्या पाडल्यात, मोडके पलंग आणि भंगारातले सोफे आडवेतिडवे टाकलेत, आणि एक जिना आहे, जो कुठेच जात नाही. त्या गोदामाला आम्ही धुराची खोली म्हणतो.

दर आठवड्याला त्या खोलीत आम्ही आंधळे होतो. मास्कच्या काचेवर काळा कागद चिकटवायचा, यंत्रातून पांढरा धूर सोडायचा आणि एकामागे एक आत शिरायचं. एक हात भिंतीवर, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर. बोलायचं नाही, कारण खऱ्या आगीत मास्कमधून बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. जे सांगायचं ते खांद्यावरच्या थापेनं. एक थाप म्हणजे चला. दोन म्हणजे सगळे आहेत. तीन म्हणजे थांबा, पाऊल टाकू नका.

थाप नेहमी मागून पुढे जाते. मागच्यानं दिली की आपण पुढच्याला द्यायची, त्यानं त्याच्या पुढच्याला, अशी ती म्होरक्यापर्यंत पोहोचते. आम्हाला शिकवणारे मास्तर रिटायर व्हायला आलेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. त्यांचं एकच पालुपद: "थाप आली की पुढे द्यायची. डोकं लावायचं नाही. डोकं लावायला बाहेर आल्यावर वेळच वेळ आहे."

आमच्या टोळीत चौघं. पुढे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणतो म्हणून हळूहळू अख्खं स्टेशन त्यांना दाजी म्हणायला लागलं, आणि ताईला एवढे भाऊ झाले की ती वैतागली. त्यांच्या मागे पैलवान, त्याच्या मागे सायलेन्सर. हा पाच मिनिटांत एक शब्द बोलला तर आम्ही चहा पाजतो. आणि सगळ्यांत शेवटी मी. शेवटच्याला आमच्याकडे शेपूट म्हणतात.

शेपूट होणं माझ्या नशिबातच होतं. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणारा माणूस मी. मागची वाट उघडी आहे ना, कोणी राहिलं नाही ना, हे बघणं हेच शेपटाचं काम. शेपटाच्या मागे कोणी नसतं. म्हणून सगळ्या थापा शेपटापासून सुरू होतात.

ताईची एक अट होती. "दोघं जाताय, तर दोघंच परत यायचं. एकटा आलास तर मी दार उघडणार नाही." ती हे हसत म्हणायची. पण दाजी कामावर असले की ती जेवायची थांबायची, हे मला ठाऊक होतं.

२

त्या दिवशी सरावाला चिकटपट्टी संपली. बाकीच्यांचे कागद नीट चिकटले, माझ्या कागदाचा वरचा कोपरा लोंबायला लागला. मास्तर ओरडणार एवढ्यात दाजींनी खिशातून जखमेवर लावायचं प्लास्टर काढलं. पिवळं, त्यावर बदकं. त्यांची धाकटी दिवसाआड गुडघे फोडून घेते, म्हणून ते पाकीट कायम त्यांच्या खिशात.

"घे. बदकं आहेत, लाजू नकोस. तुला कुठे दिसणार आहेत."

त्यांनी स्वतःच ते माझ्या मास्कवर थापलं आणि आम्ही आत गेलो.

आत नेहमीसारखंच. गार धूर, त्याचा गोडसर वास, माझ्याच श्वासाचा घुर्र घुर्र आवाज. जिन्याच्या वळणावर माझा पाय कशाला तरी अडला आणि सायलेन्सरच्या खांद्यावरचा हात सुटला. घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे होतंच. मी हात पुढे करून चाचपडलो. एक खांदा हाताला लागला.

तो गरम होता.

आमच्या हातमोज्याचं कातडं चांगलं जाड असतं. त्यातूनही कळावं इतका गरम. आणि ओला. बोटं हलवली तर खाली काहीतरी कचकचलं, जाडं मीठ सांडल्यासारखं. त्या गार धुरात गरम खांदा. माझ्या मनात आलं, सायलेन्सर कुठेतरी भाजला आणि बोलला नाही, त्याचा काय भरवसा. मी लगेच तीन थापा दिल्या. थांबा.

खांदा ताठ झाला. मग माझ्या हाताखाली तो वळायला लागला. जो कोणी होता तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. सरावात कोणी वळत नाही, वळून बघणार काय, सगळ्यांच्याच काचेवर कागद. तरी मला त्या क्षणी ठाम वाटलं, याला मी दिसतोय.

मग हाताखाली काहीच उरलं नाही.

"अरे, इकडे काय करतोस?" मास्तरांनी माझी कॉलर धरली. "तुझी टोळी केव्हाची बाहेर गेली!"

बाहेर सगळे मास्क काढून उभे होते. सायलेन्सरचा कोट कोरडा ठणठणीत. तीन थापा कोणालाच मिळाल्या नव्हत्या. पैलवाननं माझ्या हाताजवळ नाक आणलं आणि म्हणाला, "आत स्टोव्ह पेटवत होतास का रे?"

हातमोज्याला रॉकेलचा वास येत होता.

३

मी आपला हिशेबी माणूस. दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गोदामात गेलो. तापायला एखादा पाइप असेल म्हणून त्या भिंतीवर हात फिरवला. पाइप नव्हता. धुराच्या यंत्रात रॉकेल असतं का, हे मास्तरांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही. हातमोजा साबणानं दोनदा धुऊन वाळत घातला. वास गेला नाही. नवा मागून घेतला आणि जुना कपाटाच्या तळाशी कोंबला.

डोक्याला ताप नको, एवढंच ठरवलं. माणूस अंधारात काहीही हाताळतो आणि मन त्याला नाव देतं. हे मीच नव्या पोरांना सांगत आलो होतो.

पुढचा आठवडा धुक्याचा होता. सकाळी चहा हातात असताना आकाशातून एक घरघर आली, नको तेवढ्या जवळून. मग एकदम थांबली. पाठोपाठ कपाटांची दारं थरथरली. पैलवाननं कप खाली ठेवला. भोंगा वाजायच्या आधीच आम्ही बूट चढवायला घेतले होते.

एक लहान विमान शहरातल्या सगळ्यांत उंच इमारतींपैकी एकीत घुसलं होतं.

४

उंच इमारतीला आग लागली की लोकांना वाटतं, आम्ही शिडी लावू आणि पाणी मारू. आमची शिडी तिच्या कमरेलाही पोहोचत नाही. बाकी सगळं पायांनी. पाण्याचा होज, हवेचे सिलिंडर, कुऱ्हाड, सगळं खांद्यावर घेऊन चढायचं आणि पाणी इमारतीच्याच उभ्या नळातून घ्यायचं. त्यातून विमान असेल तर तो नळ धड राहिलाय का, हे वर गेल्याशिवाय कळत नाही.

खालच्या लॉबीत मोठे साहेब इमारतीचा नकाशा टेबलावर पसरून उभे होते. "दोन जिने आहेत. उजवीकडचा उतरणाऱ्या लोकांचा, त्यात कोणी घुसायचं नाही. डावीकडचा आपला. लिफ्टला कोणी हात लावू नका. इंधन लिफ्टच्या खड्ड्यातून खाली आलंय."

ते सांगायची गरज नव्हती. लिफ्टची दारं फुगून वाकली होती आणि लॉबीभर वास पसरला होता. विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलचाच थोरला भाऊ.

कपाटाच्या तळाशी कोंबलेला तो वास इथे माझ्याआधी येऊन उभा होता.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड असं का? चल, ताईला फोन करून ठेवलाय, दोघं येतोय म्हणून."

उजव्या जिन्यातून माणसं उतरत होती. कोणी चपला हातात घेतलेल्या, कोणी अजून कानाला फोन लावून कोणाला तरी सांगत होतं की मी ठीक आहे, मी ठीक आहे. एक म्हातारे गृहस्थ दाराशी थांबून आमच्याकडे बघत म्हणाले, "जपून रे पोरांनो." आम्ही चढायला लागलो.

५

चढण्यात बोलण्यासारखं काही नाही. मांड्या पेटतात, मग बधिर होतात. अर्ध्याच्या वर गेल्यावर वॉकी-टॉकीतून नुसती खरखर यायला लागली. आगीच्या दोन मजले खाली आमचा तळ होता. तिथे सिलिंडर बदलले. तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं, विमान घुसलं त्याच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी पाइप वाजवतंय. माणसं आहेत.

"ऐका," तो म्हणाला. आम्ही श्वास धरला. भिंतीतून आवाज येत होता. टंग. टंग. टंग. दमलेल्या हाताचा, पण थांबत नव्हता.

दाजी म्हणाले, "चला."

पुढच्या वळणावर धूर काळा झाला. बॅटरीचा उजेड हाताच्या लांबीवर संपायला लागला. आम्ही ओळ धरली. दाजी, पैलवान, सायलेन्सर, मी. वर कुठेतरी पाण्याचे नळ फुटले होते आणि ते पाणी आगीतून वाट काढत जिन्यावरून खाली येत होतं. माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून. ते पाणी गरम होतं.

पाण्याबरोबर काचेचा चुरा येत होता. तो माझ्या खांद्यावर साठत होता. मी खांदा झटकला तेव्हा तो कचकचला.

तो आवाज मी ओळखला. ओला, गरम, जाडं मीठ सांडल्यासारखा खांदा. मी तो आधी हाताळला होता. तेव्हा तो कोणाचा होता हे विचारायची मला आता हिंमत होईना. मी स्वतःला म्हणालो, मुकाट्यानं पायऱ्या मोज. मोजता येईनात.

विमान घुसलेल्या मजल्याच्या दाराशी ओळ थांबली. इथून वरचा जिना ढिगाऱ्यानं बुजला होता. दाजींनी दार उघडलं. मजला ओलांडून पलीकडच्या जिन्यानं वर जायचं, असा त्यांचा विचार हे मला न सांगता कळलं. त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा आत आपटला. जमीन भक्कम वाजली. पुन्हा आपटला. भक्कम.

मी शेपूट. मी मागची वाट बघितली, मोकळी होती. पुढे एक थाप द्यायला हात उचलला. चला.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून कोणीतरी हात ठेवला.

आधी चाचपडत. मग बोटं हलली, काचेचा चुरा कचकचला. हात क्षणभर दचकला. आणि मग थाप. थाप. थाप.

डोकं लावायला वेळच नव्हता. इतक्या वर्षांचा सराव. मागून तीन आल्या, मी पुढे तीन दिल्या. सायलेन्सरनं पैलवानला दिल्या. पैलवाननं दाजींना. दाजींचा एक पाय उंबऱ्यावर होता, दुसरा उचललेला. तो तसाच थांबला.

आणि तेव्हा मला कळलं की मी शेपूट आहे.

मी वळलो. पायरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, आमच्याच कोटातला एक माणूस उभा होता. मान जरा कलती, जशी कान देऊन ऐकणाऱ्याची असते. हात अजून पुढे. माझी बॅटरी त्याच्या मास्कवर पडली. मास्कमध्ये चेहरा दिसला नाही. काचेवर काळा कागद चिकटवलेला होता. आगीत कोण काचेवर कागद लावून येईल? त्याचा कोट कोरडा होता. त्याच्या पायांशी थोडा पांढरा धूर होता, आणि काळा धूर त्याला शिवत नव्हता.

कागदाचा वरचा कोपरा पिवळ्या प्लास्टरनं चिकटवलेला होता. त्यावर बदकं होती.

माझ्या मागे, दाराच्या पलीकडे, जमीन गेली.

६

आवाज फार वेळ होत राहिला. एक मजला दुसऱ्यावर पडल्याचा, मग काहीतरी खूप खाली आदळल्याचा. गरम वारा दारातून आला आणि त्यानं आम्हाला भिंतीशी दाबलं. मी परत वळून बघितलं तेव्हा पायरी रिकामी होती. नुसतं पाणी वाहत होतं.

दाजी उंबऱ्यावरच बसले होते. पैलवाननं त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. धूर वाऱ्यानं जरा फाटला आणि दिसलं, की त्यांच्या बुटापुढे काहीच नाही. खाली नुसता लालसर अंधार.

सायलेन्सरचा मास्क माझ्या कानाला टेकला होता, म्हणून तो बोललेला ऐकू आला. "आई गं," एवढंच.

टंग. टंग. पाइप अजून वाजत होता.

आम्ही तळाच्या शाबूत मजल्यापर्यंत खाली उतरलो, तिथून पलीकडे गेलो आणि माणसं उतरून रिकाम्या झालेल्या उजव्या जिन्यानं वर चढलो. एका स्वच्छतागृहात तिघं होते. दोन ऑफिसची माणसं, आणि एक सफाईवाल्या मावशी. त्यांनी दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली होती आणि मावशींच्या हातात स्टीलची बाटली होती, तळ चेपून चपटा झालेला.

"किती उशीर!" त्या म्हणाल्या. "माझा हात मोडायची वेळ आली." आणि मग पैलवानच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागल्या.

त्या दिवशी सगळेच वाचले नाहीत. विमानातले नाहीत, त्या मजल्यावरचे नाहीत. ते विसरून मी बोलतोय असं कोणी समजू नये. पण आमच्या ओळीतले चौघं आणि ते तिघं आपल्या पायांनी लॉबीत आले, आणि उजेड बघून मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसलो.

दाजी शेजारी येऊन बसले. तोंड काजळीनं काळं, भुवईवर काचेनं कापलेलं.

"मी तर पाऊल टाकलंच होतं," ते म्हणाले. "तीन कशाला दिल्यास?"

"मागून आल्या."

"मागे कोण होतं?"

"कोणी नाही."

त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"बरं झालं, डोकं लावलं नाहीस."

७

ताईनं दार उघडलं ते पूर्ण नाही, फटीएवढंच. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. दाजी दिसल्यावर दार सताड उघडलं आणि ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. स्वयंपाकघरातून भांडी जोरजोरात आपटल्याचा आवाज आला. ताई रडते तेव्हा भांडी घासते.

धाकटीनं बापाच्या भुवईवरची जखम बघितली आणि गंभीर चेहऱ्यानं पिवळं प्लास्टर आणलं. "हलू नका," म्हणाली आणि चिकटवलं. बदकं उलटी लागली. मी त्या प्लास्टरकडे बघत राहिलो. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ हसूही आलं, आणि दोन्ही मला आवरेनात.

"मामाला काय झालं?" तिनं विचारलं.

"मामा दमलाय," दाजी म्हणाले.

प्लास्टरचं मी कोणाला सांगितलेलं नाही. दाजींनाही नाही. काय सांगणार? धुरात माणसाला काहीही दिसतं. श्वास कमी पडला, डोकं तापलं, मागच्या आठवड्याचा सराव मनात घोळत होता. हे सगळं मी स्वतःला व्यवस्थित पटवून देऊ शकतो. मग कपाट उघडतो आणि तळाशी तो हातमोजा असतो.

महिनाभर बंद असलेला सराव पुन्हा लागला. मास्तरांनी चिकटपट्टीचं नवंकोरं बंडल आणलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी खिशातून बदकांचं प्लास्टर काढलं आणि कागदाचा कोपरा चिकटवला.

"आता पट्टी आहे की," मास्तर म्हणाले.

"असू द्या."

दाजींनी तो कोपरा अंगठ्यानं दाबून घट्ट केला.

आत गार धूर, गोडसर वास. जिन्याच्या त्या वळणावर आल्यावर मी मुद्दाम सायलेन्सरच्या खांद्यावरचा हात काढला. हात अंधारात पुढे नेला, पूर्ण लांब केला. मनात म्हणालो, असशील तर सापड. तुला तीन द्यायच्या आहेत, हव्या तितक्या वेळा देईन.

काही लागलं नाही. आणखी एक पाऊल टाकलं, आणि बोटांना खांदा लागला.

गार होता. कोरडा. कुठेही काही कचकचलं नाही. हा सायलेन्सर, याच्या पुढे पैलवान, त्याच्या पुढे दाजी. मास्कच्या आत माझे डोळे भरून आले, ते पुसायची सोय नव्हती.

मी दोन थापा दिल्या, सगळे आहेत, आणि मग एक. त्या एकेका खांद्यावरून पुढे गेल्या, आणि दाजींपर्यंत पोहोचल्यावर ओळ चालायला लागली.